जोसेफ लुई गे-ल्युसॅक

जोसेफ लुई गे-ल्युसॅक (६ डिसेंबर १७७८ – ९ मे १८५०) हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व भौतिकशास्त्रज्ञ होते. वायूंच्या प्रसरणाचा नियम आणि वायूंच्या संयोगी आकारमानांचा नियम यांमुळे त्यांचे नाव विज्ञानाच्या इतिहासात प्रामुख्याने घेतले जाते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत नित्य वापरल्या जाणाऱ्या ब्युरेट व पिपेट या उपकरणांची नावेही त्यांनीच रूढ केली. ज्ञात संहतीच्या आम्लाच्या साहाय्याने अल्काच्या द्रावणाची संहती ठरविण्याची अल्कमापनाची पद्धत त्यांनी १८२८ मध्ये व्यवहारात वापरता येईल अशा स्वरूपात मांडली. पदार्थ तोलण्याऐवजी त्याचे आकारमान मोजून नेमके उत्तर काढणे, हा त्यांच्या वायूंवरील आणि द्रावणांवरील कार्यातील समान धागा आहे.

जन्म व शिक्षण

गे-ल्युसॅक यांचा जन्म फ्रान्सच्या लिमूझँ प्रांतातील सँ-लेओनार-द-नोब्ला या गावी झाला. वडील आंत्वान गे हे वकील असून राजाच्या वतीने सरकारी अभियोक्ता म्हणून काम पाहत. लुसाक या खेड्यात कुटुंबाची जमीन होती. त्या खेड्याचे नाव मूळ आडनावाला जोडून गे-ल्युसॅक हे आडनाव तयार झाले. राज्यक्रांतीच्या काळात राजसत्तेशी संबंधित असल्याच्या संशयावरून वडिलांना १७९३ मध्ये अटक झाली व कुटुंबावर कठीण प्रसंग ओढवला. मुलाचे प्राथमिक शिक्षण एका धर्मोपदेशकाकडे सुरू होते, तेही क्रांतीमुळे खंडित झाले.

वडिलांच्या सुटकेनंतर त्यांना पुढील शिक्षणासाठी पॅरिसला पाठविण्यात आले. १७९७ च्या अखेरीस स्पर्धात्मक परीक्षा देऊन त्यांनी एकोल पॉलिटेक्निक या नव्या संस्थेत प्रवेश मिळविला. १८०० मध्ये तेथील अभ्यासक्रम पूर्ण करून ते पूल व रस्ते यांच्या अभियांत्रिकी विद्यालयात दाखल झाले. मात्र विख्यात रसायनशास्त्रज्ञ क्लोद लुई बेर्तोले यांनी त्यांना आपले साहाय्यक म्हणून निवडले आणि त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली.

बेर्तोले यांचे घर व प्रयोगशाळा पॅरिसजवळील आर्केय येथे होती. बेर्तोले यांनी आपल्या एका मताच्या पुष्टीसाठी काही प्रयोग या तरुण साहाय्यकावर सोपविले असता निष्कर्ष त्या मताच्या विरुद्ध निघाले आणि गे-ल्युसॅक यांनी ते जसेच्या तसे गुरूंसमोर ठेवले, अशी आठवण त्यांच्या चरित्रांत सांगितली जाते. या प्रामाणिकपणावर बेर्तोले प्रसन्न झाले व त्यांनी आपली प्रयोगशाळा त्यांना मोकळी करून दिली. शेजारीच राहणारे गणितज्ञ लाप्लास यांचेही मार्गदर्शन त्यांना लाभले.

वायूंचे प्रसरण

१८०२ मध्ये गे-ल्युसॅक यांनी वायूंच्या प्रसरणावरील आपला पहिला महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. दाब स्थिर असताना सर्व वायू तापमानातील सारख्याच वाढीने सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात, असे त्यांनी दाखवून दिले. त्यांच्या मोजणीनुसार ० अंश सेल्सिअसला १०० भाग असलेली हवा १०० अंशाला १३७.५ भाग होते. पूर्वीच्या संशोधकांच्या निष्कर्षांत एकवाक्यता नव्हती. उपकरणात राहून गेलेल्या पाण्याची वाफ होऊन वायूच्या आकारमानात भर पडते, हे त्याचे कारण गे-ल्युसॅक यांनी ओळखले आणि वायू काळजीपूर्वक कोरडे करून प्रयोग केले.

जाक चार्ल्स यांनी सुमारे १५ वर्षे आधी काही वायूंबाबत असेच निरीक्षण केले होते, परंतु ते प्रसिद्ध केले नव्हते. गे-ल्युसॅक यांनी आपल्या निबंधात त्याचा स्पष्ट उल्लेख केला. आकारमान व तापमान यांच्या संबंधाला आज चार्ल्सचा नियम म्हटले जाते, त्यामागे हा उल्लेखच आहे. शालेय व महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांत गे-ल्युसॅकचा नियम या नावाने सामान्यतः दाब व तापमान यांचा संबंध शिकविला जातो.

बलूनमधून उड्डाणे

उंचीनुसार पृथ्वीचे चुंबकत्व व हवेचे घटक बदलतात का, हे पाहण्यासाठी २४ ऑगस्ट १८०४ रोजी गे-ल्युसॅक व झाँ-बातीस्त बिओ यांनी हायड्रोजन भरलेल्या बलूनमधून सुमारे ४,००० मीटर उंची गाठली. १६ सप्टेंबर १८०४ रोजी गे-ल्युसॅक एकटेच पुन्हा वर गेले व ७,०१६ मीटर उंचीपर्यंत पोहोचले. तेथे तापमान शून्याखाली सुमारे ९.५ अंश होते. थंडी आणि विरळ हवेमुळे श्वास जड होत असतानाही त्यांनी निर्वात केलेल्या काचपात्रांत हवेचे नमुने घेतले. जमिनीवर परतल्यावर केलेल्या विश्लेषणात त्या हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण पॅरिसमधील हवेइतकेच आढळले. उंचीचा हा विक्रम सुमारे अर्धशतक टिकून होता.

संयोगी आकारमानांचा नियम

हवेच्या विश्लेषणामुळे गे-ल्युसॅक यांचा जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट यांच्याशी संबंध आला. हुंबोल्ट यांच्या पूर्वीच्या मोजणीवर गे-ल्युसॅक यांनी कडक टीका केली होती. तरीही हुंबोल्ट यांनी स्वतःहून मैत्रीचा हात पुढे केला व ही मैत्री आयुष्यभर टिकली. दोघांनी मिळून १८०५ मध्ये दाखविले, की दोन आकारमाने हायड्रोजन व एक आकारमान ऑक्सिजन यांच्या संयोगाने पाणी तयार होते. त्यानंतर दोघांनी इटली व जर्मनीचा प्रवास केला. १८०६ मध्ये गे-ल्युसॅक यांची फ्रान्सच्या विज्ञान अकादमीवर निवड झाली.

हेच साधे प्रमाण इतर वायूंतही दिसते का, याचा शोध घेऊन त्यांनी ३१ डिसेंबर १८०८ रोजी संयोगी आकारमानांचा नियम मांडला. वायूंचा परस्परांशी रासायनिक संयोग होतो तेव्हा त्यांची आकारमाने साध्या पूर्णांकांच्या गुणोत्तरात असतात व उत्पादित पदार्थ वायुरूप असल्यास त्याचे आकारमानही त्याच साध्या गुणोत्तरात असते, असा हा नियम आहे. जॉन डाल्टन यांना तो मान्य झाला नाही. मात्र आमेदेओ आव्होगाद्रो यांनी १८११ मध्ये आपले गृहीतक मांडताना याच नियमाचा आधार घेतला.

मूलद्रव्ये व आम्ले

लुई जाक तेनार यांच्यासह गे-ल्युसॅक यांनी तप्त लोखंडाच्या साहाय्याने पोटॅशियम व सोडियम अधिक प्रमाणात मिळविण्याची पद्धत शोधली आणि १८०८ मध्ये बोरॉन हे मूलद्रव्य वेगळे केले. इंग्लंडमध्ये हम्फ्री डेव्ही यांनीही त्याच वर्षी बोरॉन मिळविले. पोटॅशियमचे प्रयोग धोकादायक होते. १८०८ मधील एका स्फोटात गे-ल्युसॅक यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली व काही काळ त्यांची दृष्टी जाण्याची भीती होती.

सागरी वनस्पतींच्या राखेपासून क्षार काढताना बेर्नार कुर्त्वा यांना १८११ मध्ये एक नवा पदार्थ आढळला होता. गे-ल्युसॅक व डेव्ही यांनी स्वतंत्रपणे त्याचा अभ्यास करून ते मूलद्रव्य असल्याचे ओळखले. आयोडीन हे नाव गे-ल्युसॅक यांनी त्याला दिलेल्या फ्रेंच नावावरून आले. प्रुसिक आम्लात हायड्रोजन, कार्बन व नायट्रोजन ही तीनच मूलद्रव्ये असून ऑक्सिजन मुळीच नाही, हे त्यांनी सिद्ध केले. प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच, हे लाव्हॉझिए यांचे मत मागे पडण्यास या संशोधनाची मदत झाली. सायनोजेन हा वायू त्यांनी १८१५ मध्ये मिळविला.

अल्कमापन

पार्श्वभूमी

अठराव्या व एकोणिसाव्या शतकात काच, साबण, कापडाची धुलाई व बंदुकीची दारू या सर्व उद्योगांना अल्क लागत असे. लाकडाच्या राखेपासून काढलेले पोटॅश रशिया व अमेरिकेतून पिंपे भरून येई, तर सोडा समुद्रकाठच्या वनस्पतींच्या राखेपासून आणि पुढे लब्लां यांच्या पद्धतीने मिठापासून तयार होऊ लागला. या मालात शुद्ध अल्काबरोबर मीठ, सल्फेटे, माती व ओलावा यांचे प्रमाण कमीअधिक असे. बाहेरून सारखी दिसणारी दोन पिंपे प्रत्यक्षात फार वेगळ्या मोलाची असू शकत. ज्याला मालाची परीक्षा करता येत नसे त्या साबणवाल्याला किंवा धोब्याला निरुपयोगी क्षाराचेही दाम मोजावे लागत. कापडाच्या धुलाईत तर चुकीच्या तीव्रतेचे द्रावण वापरल्यास कापडच खराब होई.

अल्काची ताकद आम्लाने मोजण्याची कल्पना नवी नव्हती. स्कॉटलंडमधील फ्रान्सिस होम यांनी १७५६ मध्ये राखेच्या क्षारात चमच्याचमच्याने नायट्रिक आम्ल घालून फेस येणे केव्हा थांबते हे पाहिले होते. विल्यम लुईस यांनी १७६७ मध्ये फेसाऐवजी वनस्पतिजन्य रंगाच्या बदलावर विसंबणे अधिक योग्य असल्याचे दाखविले. फ्रान्समध्ये देक्रुआझिय यांनी अंशांकित काचनळी वापरून विरंजक द्रावण व अल्क यांची परीक्षा केली आणि १८०६ मध्ये आपल्या अल्कमापकाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्या मोजणीतील अंश लागलेल्या आम्लाचे प्रमाण सांगत असे. मालात शुद्ध अल्क किती आहे, हे त्यावरून थेट कळत नसे.

ब्युरेट, पिपेट व विरंजक चुन्याची परीक्षा

१८२४ मध्ये गे-ल्युसॅक यांनी विरंजक चुन्यातील क्लोरीन निळीच्या द्रावणाच्या साहाय्याने मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. या निबंधात त्यांनी ब्युरेट व पिपेट हे शब्द वापरले. फ्रेंच भाषेत ब्युरेट म्हणजे तेल, व्हिनेगर किंवा चर्चमधील द्राक्षारस ठेवण्याची लहान सुरई, तर पिपेट म्हणजे लहान नळी. त्यांच्या ब्युरेटला आजच्यासारखी खाली तोटी नव्हती. अंशांकित नळीच्या तळापासून एक बारीक नळी बाजूने वर जाई व तिचे टोक वाकविलेले असे. ब्युरेट हातात धरून कलती केली, की त्या टोकातून थेंब थेंब द्रावण पडे. पुढे १८३५ मध्ये त्यांनी निळीऐवजी आर्सेनियस आम्लाचे द्रावण वापरून ही परीक्षा अधिक भरवशाची केली.

१८२८ ची पद्धत

बाजारातील पोटॅशच्या परीक्षेवरील निबंध गे-ल्युसॅक यांनी १८२८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील रीत पुढीलप्रमाणे होती.

प्रथम १०० ग्रॅम संहत सल्फ्युरिक आम्ल पाण्यात मिसळून १ लिटर प्रमाण द्रावण करावयाचे. अशा ५० घन सेंटिमीटर द्रावणात ५ ग्रॅम आम्ल असते आणि ते ४.८०७ ग्रॅम शुद्ध पोटॅशचे पूर्ण उदासिनीकरण करते. परीक्षेसाठी पोटॅशही याच वजनाच्या हिशेबाने घ्यावयाचे. मात्र इतका लहान नमुना तोलताना होणारी चूक मोठी ठरते आणि पिंपातील ढेकळे एकसारखी नसतात, म्हणून त्याच्या दहापट म्हणजे ४८.०७ ग्रॅम पोटॅश तोलून ते पाण्यात विरघळवून अर्धा लिटर द्रावण केले जाई. त्यातील ५० घन सेंटिमीटर, म्हणजे बरोबर दहावा भाग, पिपेटने काचपात्रात घेतला जाई व लिटमसचा अर्क घालून तो निळा केला जाई.

ब्युरेटवरील ५० घन सेंटिमीटरचे १०० समान भाग केलेले असत. त्यामुळे प्रत्येक भाग अर्ध्या घन सेंटिमीटरचा होई. पोटॅश पूर्ण शुद्ध असेल तर १०० भाग आम्ल लागेल आणि उदासिनीकरणास ५६ भाग लागले, तर मालात शेकडा ५६ शुद्ध पोटॅश आहे असा अर्थ होई. सोड्यासाठी ४.८०७ ऐवजी ३.१८५ ग्रॅमचा आधार घेतला, की तीच ब्युरेट व तेच आम्ल चालत असे. नमुन्याच्या वजनाची अशी निवड केल्यामुळे गणिताची गरजच उरली नाही आणि वाचलेला अंक हाच शेकडा प्रमाण ठरला. गुणाकार-भागाकाराचा सराव नसलेल्या कारखान्यातील कामगारालाही ही परीक्षा करता येऊ लागली.

अंतिम बिंदू ओळखणे हा या रीतीतील सर्वांत नाजूक भाग होता. बाजारातील पोटॅश मुख्यतः कार्बोनेट असल्याने आम्ल घातल्यावर कार्बन डायऑक्साइड मुक्त होतो. त्याचा काही अंश पाण्यात विरघळून लिटमसला द्राक्षारसासारखा लालसर जांभळा रंग देतो. हा रंग पाहून थांबल्यास उत्तर कमी येते. सल्फ्युरिक आम्ल किंचितही जास्त झाले, की रंग एकदम बदलून कांद्याच्या सालीसारखा तांबडा होतो. गे-ल्युसॅक यांनी हे दोन्ही रंग स्पष्टपणे वेगळे केले. शेवटी शेवटी आम्ल घालताना प्रत्येक वेळी काचकांडीने लिटमस कागदावर रेघ ओढावी व कायम लाल राहिलेल्या रेघांच्या हिशेबाने जास्तीचे आम्ल वजा करावे, असेही त्यांनी सुचविले.

या पद्धतीला मर्यादाही होत्या. एकूण अल्क किती हे तिच्यातून कळते, पण त्यात पोटॅश किती व सोडा किती हे कळत नाही. महाग पोटॅशमध्ये स्वस्त सोडा मिसळलेला असल्यास केवळ आम्लाच्या मोजणीने ती भेसळ उघड होत नसे. त्यासाठी वेगळ्या परीक्षांची गरज पडे.

चांदीची कस परीक्षा

१८२९ मध्ये गे-ल्युसॅक यांची पॅरिसच्या टांकसाळीत मुख्य कस परीक्षक म्हणून नेमणूक झाली. तोवर चांदीचा कस शिशाबरोबर मुशीत तापवून काढला जाई. या क्रियेत थोडी चांदी नष्ट होत असल्याने कस प्रत्यक्षापेक्षा कमी दिसे. गे-ल्युसॅक यांनी चांदी नायट्रिक आम्लात विरघळवून तीत मिठाचे प्रमाण द्रावण घालण्याची रीत तयार केली. या द्रावणाच्या १०० घन सेंटिमीटरने नेमकी १ ग्रॅम चांदी पांढऱ्या साक्याच्या रूपात खाली बसते. बाटली जोराने हलविली, की साका तळाशी जाऊन वरचे पाणी स्वच्छ होते. पुढच्या थेंबाने गढूळपणा येईनासा झाला, की परीक्षा पूर्ण होते. १८३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीने हजारात अर्ध्या भागापर्यंतची अचूकता मिळू लागली.

त्या काळी अनेक रसायनशास्त्रज्ञ वजनावर आधारित विश्लेषणालाच खरे विश्लेषण मानत असत. आकारमानावर आधारित रीती कारखान्यातील घाईच्या कामापुरत्या समजल्या जात. राष्ट्राच्या नाण्यांचा कस ठरविण्याइतकी अशी रीत विश्वासार्ह असू शकते, हे या कार्याने सिद्ध केले. मौल्यवान धातूच्या कसाला फ्रेंचमध्ये टित्र म्हणतात. याच शब्दापासून बनलेले क्रियापद गे-ल्युसॅक यांनी द्रावणांच्या संहतीसाठी वापरले. मराठीत ज्याला अनुमापन म्हणतात त्या क्रियेचे टायट्रेशन हे इंग्रजी नाव याच शब्दाशी निगडित आहे.

उद्योगांशी संबंध

मद्यावरील कर आकारण्यासाठी गे-ल्युसॅक यांनी शेकडा प्रमाण दाखविणारा अल्कोहोलमापक तयार केला व १८२४ मध्ये फ्रान्सने त्याचा अधिकृत स्वीकार केला. सल्फ्युरिक आम्लाच्या कारखान्यांत वाया जाणारी नायट्रोजनची ऑक्साइडे परत मिळविणाऱ्या मनोऱ्याची कल्पना त्यांनी १८२७ मध्ये मांडली. असा पहिला मनोरा १८४२ मध्ये शोनी येथे उभारला गेला व तो गे-ल्युसॅक मनोरा म्हणून ओळखला जातो.

अध्यापन, कुटुंब व सार्वजनिक जीवन

१८०९ च्या अखेरीस फूरक्रोआ यांचे निधन झाल्यावर एकोल पॉलिटेक्निकमध्ये रसायनशास्त्राचे प्राध्यापकपद गे-ल्युसॅक यांच्याकडे आले. सॉर्बोन येथे ते १८३२ पर्यंत भौतिकी शिकवीत होते. त्या वर्षी पॅरिसच्या निसर्ग इतिहास संग्रहालयात त्यांना रसायनशास्त्राचे अध्यासन मिळाले. १८१६ पासून त्यांनी फ्रान्स्वा अरागो यांच्यासह रसायन व भौतिकी यांना वाहिलेल्या एका प्रमुख नियतकालिकाचे संपादन केले. पुढे सेंद्रिय रसायनशास्त्रात अग्रगण्य ठरलेले युस्टुस फॉन लिबिख यांनी तरुणपणी त्यांच्या प्रयोगशाळेत काम केले होते.

१८०९ मध्ये त्यांचा विवाह जनव्हिएव्ह रोजो यांच्याशी झाला. कापडाच्या दुकानात काम करणारी ही तरुणी गिऱ्हाईक नसताना रसायनशास्त्राचे पुस्तक वाचत असल्याचे पाहून गे-ल्युसॅक यांना तिच्याविषयी कुतूहल वाटले, अशी कथा सांगितली जाते. या दांपत्याला पाच अपत्ये झाली. १८३१ मध्ये ओत-व्हिएन जिल्ह्यातून ते लोकप्रतिनिधी म्हणून निवडून आले व १८३९ मध्ये वरिष्ठ सभागृहाचे सदस्य झाले. राजकारणात त्यांचा विशेष प्रभाव नव्हता. स्वभावाने ते मितभाषी होते व प्रयोगाने सिद्ध न झालेले विधान करणे टाळीत.

९ मे १८५० रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन पेर लाशेझ दफनभूमीत करण्यात आले. रसायनशास्त्राच्या तत्त्वांवरील आपल्या अपूर्ण ग्रंथाचे हस्तलिखित जाळून टाकण्यास त्यांनी अखेरच्या दिवसांत मुलाला सांगितले, असे म्हटले जाते.

वारसा

जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल फ्रीडरिख मोर यांनी १८५५ च्या आपल्या ग्रंथात अनुमापनाच्या सर्व रीती एकत्र आणल्या. रबरी नळी व चिमटा लावलेली उभी ब्युरेट त्यांच्यामुळे प्रचारात आली आणि गे-ल्युसॅक यांची कलती करण्याची ब्युरेट हळूहळू मागे पडली. १८७७ मध्ये फिनॉल्फ्थॅलीन हे दर्शक म्हणून वापरात आल्यावर लिटमसचे महत्त्वही कमी झाले. साधने बदलली तरी ज्ञात संहतीचे द्रावण, मोजलेले आकारमान व रंगबदलाने कळणारा अंतिम बिंदू ही त्रिसूत्री कायम राहिली.

आयफेल मनोऱ्यावर कोरलेल्या ७२ शास्त्रज्ञ व अभियंत्यांच्या नावांत गे-ल्युसॅक यांचे नाव आहे. पॅरिसमधील एका रस्त्यालाही त्यांचे नाव देण्यात आले आहे. महाराष्ट्रातील विद्यार्थी त्यांच्या नावाशी प्रथम वायूंच्या नियमांमुळे परिचित होतात. तथापि प्रयोगशाळेत उच्चारले जाणारे ब्युरेट व पिपेट हे मराठीत जसेच्या तसे रुळलेले शब्द हाही त्यांच्याच कार्याचा ठेवा आहे.